आयर्लंडच्या खेड्यात दरोडा पडला की अख्खा गाव हॉलमध्ये का जमतो?

इथल्या आमच्या मराठी ग्रुपवर थंडी सुरू झाली की हा विषय निघतोच. बातमी साधारण अशी असते की कुठल्यातरी खेड्यातल्या पोस्टात नाहीतर दुकानात तोंड झाकलेले दोघं-तिघं घुसले, एकाच्या हातात बंदूक, गल्ला घेतला आणि गाडीत बसून पसार. रक्कम बघाल तर कधी कधी अगदीच किरकोळ. आणि मग आठवड्याभरात दुसरी बातमी येते, गावच्या हॉलमध्ये मीटिंग झाली, उभं राहायला जागा नव्हती, लोक पोलिसांवर भडकले होते, एक म्हातारी बाई बोलता बोलता रडली. डब्लिनला नुकताच आलेला कोणीतरी हमखास विचारतो, अरे एवढ्याशा पैशासाठी एवढं काय? इन्शुरन्स असेल ना?

मी गेली काही वर्षं डब्लिनपासून लांब, चारी बाजूंनी शेतं असलेल्या घरात राहतेय, त्यामुळे मला हा प्रश्न टोचतो. एका मेसेजमध्ये उत्तर मावत नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

## आधी शब्द नीट लावून घेऊ

आपण सगळ्यालाच दरोडा म्हणतो, मीही वर म्हटलंय. पण आपल्याकडे कायद्यात दरोडा ठरायला पाच किंवा त्याहून जास्त माणसं लागतात, कमी असली तर ती जबरी चोरी. आयर्लंडमध्ये डोकी मोजत नाहीत. इथे २००१ च्या कायद्यात तीन वेगळे गुन्हे आहेत. कोणाच्या घरात किंवा दुकानात घुसून चोरी केली तर घरफोडी, जास्तीत जास्त १४ वर्षं. तेच हातात हत्यार घेऊन केलं तर जन्मठेपेपर्यंत. आणि माणसाला मारून किंवा धाक दाखवून त्याच्याकडून हिसकावलं तर जबरी चोरी, तिलाही जन्मठेपेपर्यंत. म्हणजे कायदा मवाळ आहे म्हणून हे होतं, असं जे कायम म्हटलं जातं ते निदान कागदावर तरी खरं नाही.

दुसरा शब्द गार्डा. इथल्या पोलीस दलाचं आयरिश भाषेतलं नाव गार्डा शीओखाना, अर्थ शांततेचे राखणदार. एक पोलीस म्हणजे गार्डा, अनेक असले की गार्डी. आणि काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, फक्त बराच लहान. एवढ्यावर पुढचं सगळं कळेल.

## गावठाण नाही, सगळ्या वस्त्याच

आपल्याकडे खेडं म्हटलं की डोळ्यासमोर गावठाण येतं, भिंतीला भिंत लागलेली घरं, मधे चावडी, देऊळ, पार. एका घरात आरडाओरडा झाला की दहा घरांचे दिवे लागतात. आयर्लंडचं खेडं तसं नाही हो. मधे एक चर्च, एक-दोन पब, दुकान, शाळा, आणि बाकी घरं रस्त्याकडेने आपापल्या शेतात पसरलेली, दोन घरांच्या मधे कधी दोनशे मीटर तर कधी एक किलोमीटर. २०१६ च्या जनगणनेत अशी एकेकटी घरं चार लाखांहून जास्त भरली, म्हणजे देशातल्या राहत्या घरांपैकी साधारण चौथा हिस्सा. लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत सगळी मिळून ५१ लाखांच्या आसपास, आणि देश महाराष्ट्राच्या पाव भागाहूनही लहान, तर विचार करा किती लोक असे सुटे सुटे राहत असतील.

आपल्याकडे जो मळ्यातल्या वस्तीवर राहिलाय त्याला ही भीती समजवायला लागत नाही. रात्री कुत्रं वेगळ्या आवाजात भुंकायला लागलं की गावठाणातला माणूस कूस बदलून झोपतो, वस्तीवरचा उठून बसतो.

त्यात इथे डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो. घराकडे जाणारी वाट एका गाडीपुरती, मधोमध गवत वाढलेलं, तिला इथे बोरीन म्हणतात. तिच्यावर दिवे नाहीत. आणि अशा कित्येक घरांत एकच म्हातारं माणूस असतं, नवरा किंवा बायको गेलेली, नाहीतर जन्मभर लग्न न केलेला शेतकरी.

आम्ही राहायला आलो तेव्हाची गोष्ट. तिसऱ्या का चौथ्या रात्री दारावर टकटक झाली, बाहेर शेजारचे म्हातारे शेतकरी, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात अर्धा डझन अंडी. अंडी दिली, हवापाण्याचं बोलले, आणि जाताना अंगणात उभ्या असलेल्या आमच्या गाडीवर टॉर्च मारून नंबर एका चिठोऱ्यावर उतरवून घेतला. मी जरा बिचकले, वाटलं हे आपल्यावर पाळत ठेवतायत की काय. ते म्हणाले, तुमचा नंबर माहीत असला म्हणजे अनोळखी गाडी दिसली की ती तुमची नाही एवढं मला कळेल. त्यांच्या घरात दोन वर्षांपूर्वी चोर शिरले होते हे मला नंतर कळलं, त्यांच्याकडून नाही, दुकानात.

## पोलिसांकडे बंदूकच नाही?

हा आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा अचंबा. हो, गणवेशातल्या गार्डीकडे बंदूक नसते. दल १९२२ मध्ये उभं राहिलं, देश तेव्हा ब्रिटिशांपासून नुकता सुटलेला आणि यादवी युद्धात अडकलेला, लोकांनी बंदूकवाले पोलीस पुष्कळ बघितले होते. पहिले आयुक्त मायकल स्टेन्स यांनी भूमिकाच अशी घेतली की हे दल हत्यारांच्या किंवा संख्येच्या जोरावर यशस्वी होणार नाही, जनतेचे सेवक म्हणून असलेल्या नैतिक अधिकारावर होईल. आजही तेच चालू आहे. साध्या कपड्यातल्या डिटेक्टिव्हांकडे पिस्तूल असतं, आणि सशस्त्र पथकं वेगळी असतात, पण ती मोठ्या विभागाला मिळून एक, तिथून लांबच्या खेड्यात यायला वेळ लागतो.

आता नैतिक अधिकार ही कल्पना मला मनापासून आवडते. पण तिला एक अट आहे, तो अधिकार ज्याच्याकडे आहे तो माणूस आसपास दिसायला हवा. गावातला गार्डा म्हणजे ज्याला कोणाचा मुलगा कुठे कामाला आहे, कोणाचं कुत्रं चावतं, कोण म्हातारी एकटी आहे हे सगळं तोंडपाठ. आपल्याकडचे जुने पोलीस पाटील आठवा, जवळपास तसंच.

आणि नेमका तो माणूस गेला. २००८ च्या आर्थिक कोसळण्यानंतर सरकारने हात आखडता घेतला, टेम्पलमोरच्या पोलीस कॉलेजमध्ये २००९ पासून २०१४ पर्यंत नवीन भरती बंद राहिली, आणि २०१२-१३ या दोन वर्षांत १३९ गार्डा स्टेशनं बंद केली. ७०३ होती ती ५६४ वर आली. बहुतेक खेड्यांतली, एका गार्डाची. शिवाय २०२१ मध्ये बाहेर आलं की लोकांनी आणीबाणीच्या नंबरवर केलेले कितीतरी कॉल पोलिसांच्या यंत्रणेतून नीट दखल न घेताच रद्द केले गेले होते, आयुक्तांना जाहीर माफी मागावी लागली. मीटिंगमध्ये लोक चिडतात तेव्हा ही सगळी वर्षं त्यांच्या डोक्यात असतात, एक चोरी नसते.

## मग स्टेशनं बंद केली म्हणूनच हे झालं का?

इथे थोडं थांबून बघायला हवं, कारण हॉलमध्ये हेच उत्तर सगळ्यात जास्त टाळ्या घेतं. सरकारचं म्हणणं होतं की दिवसातून तास-दोन तास उघडणाऱ्या स्टेशनमुळे रात्रीचा चोर अडत नाही, त्यापेक्षा तोच गार्डा गाडीतून फिरलेला बरा. यात तथ्य आहे. आणि दुसरं कारण स्टेशनांपेक्षा मोठं असावं असं मला वाटतं, ते म्हणजे रस्ते. डब्लिनला कॉर्क, लिमरिक, गॉलवे या शहरांशी जोडणारे हायवे २०१० पर्यंत पूर्ण झाले. सगळ्यांना आनंद झाला, मलाही त्यांचा रोज उपयोग होतो. पण टोळ्यांनाही झाला. संध्याकाळी डब्लिनहून निघायचं, दीड तासात टिपरेरीच्या शेतातलं घर, आणि मध्यरात्रीच्या आत परत.

नोव्हेंबर २०१३ मध्ये टिपरेरी काउंटीतल्या किलेनॉलजवळ हेच झालं. नवरा-बायको, तीन लहान मुली. सात जणांची हत्यारबंद टोळी दार फोडून आत आली, वडिलांना मारहाण, मुलींसमोर धमक्या. २०१५ च्या शरद ऋतूत टोळीतल्यांना लांबलचक शिक्षा झाल्या आणि लोकांनी पहिल्यांदाच कोर्टातला सगळा तपशील वाचला. त्याच सुमाराला जवळच्या थर्ल्स गावात सभा भरली, हजाराहून जास्त माणसं आली. थर्ल्स म्हणजे काही पुणं नव्हे, आठ-एक हजार वस्तीचं गाव.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. नोव्हेंबर २०१५ मध्ये पोलिसांनी ऑपरेशन थॉर सुरू केलं, हायवेवर नाकाबंदी, फिरत्या टोळ्यांच्या मागे खास पथकं. त्याच वर्षी कायदा बदलला, घरफोडीच्या सराईताला जामीन मिळणं अवघड झालं आणि अनेक घरं फोडली असतील तर शिक्षा एकामागून एक भोगायची, एकत्र नाही. घरफोड्या तेव्हा वर्षाला २५ हजारांच्या वर होत्या, २०२० नंतर त्या १० हजारांच्या आसपास आल्या. कोविडचाही त्यात हात आहे, माणसं घरीच होती. पण स्टेशनं जवळपास सगळी बंदच राहिली आणि तरी आकडा खाली आला, हे बाजूला टाकता येत नाही.

## सात हजार युरो

पैशाचा प्रश्न आला की मला लॉर्डशिपची आठवण होते. काउंटी लाउथ, डंडॉकच्या पुढे, उत्तर आयर्लंडची सीमा काही किलोमीटरवर. तिथली क्रेडिट युनियन. क्रेडिट युनियन म्हणजे आपली पतसंस्थाच, सभासदांचे पैसे, सभासदांनाच कर्ज, नफा कमवायचा नाही. गावातल्या मुलीच्या लग्नाला, ट्रॅक्टरच्या टायरला, ख्रिसमसच्या खर्चाला इथूनच पैसे निघतात.

२५ जानेवारी २०१३, शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ. रोकड बँकेत पोचवायला निघालेल्या गाड्यांच्या सोबत दोन डिटेक्टिव्ह आले होते. बाहेर पडायच्या वाटेवर एका गाडीने रस्ता अडवला. एड्रियन डोनोह्यू हे डिटेक्टिव्ह गार्डा काय झालंय बघायला गाडीतून उतरले, आणि भिंतीआड दबा धरून बसलेल्यांनी त्यांच्यावर शॉटगन झाडली. जागीच गेले. पिस्तूल काढायलाही वेळ मिळाला नाही. चोरांना मिळाले साधारण ७,००० युरो.

ते पाहुणे पोलीस नव्हते, त्याच भागात राहायचे, तिथल्याच गेलिक फुटबॉलच्या क्लबात होते. गेलिक क्लब हे इथल्या गावाचं हृदय असतं, आपल्याकडची तालीम आणि गणेश मंडळ एकत्र केलं तर जे होईल ते. डंडॉकमध्ये सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले, देशभरातून गार्डी आले. त्याआधी १९९६ मध्ये लिमरिकच्या अडेर गावात पोस्टाच्या गाडीवर हल्ला झाला तेव्हा जेरी मॅककेब हे डिटेक्टिव्ह असेच मारले गेले होते, ते काम प्रोव्हिजनल आयआरएच्या माणसांचं, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडण्यासाठी हत्यार उचललेल्या संघटनेचं. इथल्या लोकांच्या मनात पोस्ट, पतसंस्था, रोकड आणि मृत्यू हे एकत्र बांधलेले आहेत. तुमच्या-माझ्यासारख्या नव्याला ती फक्त लुटीची बातमी वाटते.

## मीटिंगमध्ये होतं काय?

मी एकाच मीटिंगला गेलेय, पण जुनी माणसं म्हणतात सगळ्या सारख्याच असतात. पुढे टेबलावर स्थानिक सार्जंट, एखादा नगरसेवक, खासदार. मागे मोठ्या स्टीलच्या भांड्यात चहा उकळतोय. पहिला अर्धा तास राग. किती वाजता फोन केला, किती वाजता गाडी आली, लोक मिनिटांसकट सांगतात. मग कोणीतरी हळू आवाजात विचारतं, आता करायचं काय, आणि तिथून खरी मीटिंग सुरू होते.

इथे एक आयरिश शब्द आहे, मेहल. कापणीच्या वेळी सगळे शेजारी मिळून आज तुझं, उद्या माझं असं शेत आवरायचे, पैशांचा व्यवहार नाही. आपल्याकडे कोणी सावड म्हणतं, कोणी इर्जिक. अगदी तेच. गावाची राखण म्हणजे या सावडीचंच पुढचं रूप. टिपरेरीत १९३७ मध्ये कॅनन जॉन हेज या पाद्र्यांनी खेड्यांसाठी एक चळवळ उभी केली, मुइन्टिर ना टीरे, म्हणजे या भूमीची माणसं. १९८० च्या दशकात एकट्या म्हाताऱ्यांवर हल्ले वाढले तेव्हा तिने पोलिसांबरोबर १९८५ मध्ये कम्युनिटी अलर्ट सुरू केलं. रस्त्याकडेला पाट्या दिसतात ना, त्या त्याच्या.

२०१३ पासून त्याला टेक्स्ट अलर्टची जोड मिळाली. कोणाला संशयास्पद गाडी दिसली तर त्याने गार्डा स्टेशनला कळवायचं, गार्डा तपासून ठरवणार की हे पसरवायचं का, आणि मग त्याच्याकडून गावच्या संयोजकाला आणि तिथून सगळ्यांना मेसेज. म्हणजे माहिती आधी वर जाते आणि गाळून खाली येते. व्हॉट्सअपवर गाळणीच नाही, हा फरक लहान वाटतो पण पुढे बघा.

## घरात बंदूक असताना हात बांधून बसायचं का?

शेतकऱ्यांकडे शॉटगन असते, कोल्हे-कावळ्यांसाठी, रीतसर लायसनची. त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक मीटिंगला उठतो आणि उठणारच. २००४ मध्ये मेयो काउंटीत एका एकट्या राहणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या आवारात शिरलेल्या माणसाला गोळी घातली. चोऱ्यांना कंटाळून तो रात्र रात्र झोपत नव्हता. पण तपशील असा की पहिल्या गोळीनंतर त्याने जखमी माणसाला काठीने बडवलं, बंदूक पुन्हा भरली, आणि तो माणूस लंगडत पळून जात असताना दुसरी गोळी घातली. सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षं, मग अपिलात शिक्षा रद्द, २००६ च्या अखेरीला फेरखटल्यात निर्दोष. देश दोन भागांत फाटला. मेलेला माणूस ट्रॅव्हलर समाजातला होता, म्हणजे इथला पिढ्यान्‌पिढ्या भटकं आयुष्य जगलेला समाज, आणि त्यांना वाटलं की आमच्या जिवाला किंमतच नाही.

२०११ मध्ये कायदा स्पष्ट झाला. तुमच्या घरात किंवा लगतच्या अंगणात कोणी गुन्हा करायला शिरलं तर तुम्ही घर सोडून पळायची गरज नाही, परिस्थितीला धरून वाजवी असेल तेवढं बळ वापरू शकता, अगदी जीव गेला तरी. सगळं वजन 'वाजवी' या शब्दावर आहे आणि ते मागाहून कोर्टात ठरतं. हत्यारं घेऊन आलेल्या तिघांसमोर सत्तरीतला माणूस शॉटगनच्या कपाटाची किल्ली शोधत बसणार का, हाही विचार करा. मला स्वतःला हा मार्ग पटत नाही, पण ज्याला रात्रभर झोप लागत नाही त्याच्यासमोर बसून त्याला वेड्यात काढणंही मला जमत नाही.

## 'बाहेरचेच लोक करतात'

हे वाक्य हॉलमध्ये कधी उघड, कधी दबक्या आवाजात येतंच, आणि ते आपल्यालाही लागू होतं म्हणून सांगते. पहिला संशय ट्रॅव्हलरांवर जातो. त्यांना २०१७ मध्ये सरकारने स्वतंत्र वांशिक समाज म्हणून मान्यता दिली, संशय काही गेला नाही. त्यानंतर नंबर नव्याने आलेल्यांचा. १९ जुलै २०२५ ला डब्लिनच्या टाला भागात एका भारतीय माणसाला टोळक्याने मारहाण करून अर्धनग्न केलं, आणि त्याने मुलांशी गैरवर्तन केल्याची अफवा ऑनलाइन फिरवली गेली, जिला काहीही आधार नव्हता. ते शहर होतं, तिथे दरोडाही नव्हता, मान्य. पण गाळणी नसलेला मेसेज काय करतो ते तिथे दिसलं. आणि आपण मराठी माणसांनी तर धुळ्याच्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला पाच जणांचे जीव अशाच मेसेजमुळे गेलेले बघितलेत.

म्हणून गावच्या ग्रुपवर 'काळी व्हॅन, परदेशी दिसणारे दोघं' असा मेसेज आला की मी गप्प बसत नाही. नंबर काय, किती वाजता, गार्डीना कळवलं का, एवढं विचारते. बहुतेक वेळा ती व्हॅन कुरियरची निघते.

## आकडे खाली आले, मग भीती का नाही?

कारण भीती मोजायचं माप वेगळं आहे. २०२१ मध्ये बँक ऑफ आयर्लंडने ८८ शाखा बंद केल्या, अल्स्टर बँक तर पुढे २०२३ मध्ये देश सोडूनच गेली, खेड्यातली पोस्टं कमी झाली. गावात जिथे माणसं एकमेकांना दिसायची अशी ठिकाणं एकेक करून गेली, आणि जी उरली, ते एक दुकान, ते एक पोस्ट, तिथेच आता रोकड असते. तिथे बंदूक घेऊन कोणी शिरलं की काउंटरमागची बाई परत कामावर यायला घाबरते, आणि ती आली नाही तर पोस्ट बंद. मग पेन्शनला पुढच्या गावात जायचं, बस दिवसातून दोनदा. म्हणजे चोरीला नक्की काय गेलं याचा हिशोब गल्ल्यापाशी थांबत नाही.

शिवाय काही घटना आकड्यांत विरघळत नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये स्लायगो काउंटीत सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या एका शेतकऱ्याच्या घरात तोंड झाकलेले तिघं शिरले आणि त्याला इतकं मारलं की तो पुढे अंथरुणातून उठलाच नाही, सप्टेंबर २०२३ मध्ये गेला. त्या वर्षी घरफोड्या कमी होत्या हे त्याच्या शेजाऱ्यांना सांगून काय उपयोग.

## खेड्यात राहायला आलात तर

आपला एअरकोड, म्हणजे घराचा सात अक्षरी पत्ता, कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, घाबरल्यावर तो आठवत नाही. फोन ११२ किंवा ९९९. शेतीची अवजारं, सायकल, जनरेटर यांच्यावर एअरकोड कोरून देणारी मशीन शेतकरी संघटना आणि पोलिसांच्या मदतीने बऱ्याच गावांत फिरवतात, तारीख लागली की जा, तिथे ओळखीही होतात. शेजारी म्हातारं माणूस असेल तर त्याच्या गळ्यात अलार्मचं बटण आहे का बघा, पासष्टीपुढच्यांसाठी सरकारी योजना आहे. आणि टेक्स्ट अलर्टच्या संयोजकाला आपला नंबर द्या, वाट बघू नका कोणी बोलवेल म्हणून.

आमच्या शेजारच्या बाबांनी बटण घ्यायला साफ नकार दिला. मग आमच्यात ठरलंय की सकाळी नऊच्या आत त्यांनी स्वयंपाकघराचा पडदा वर करायचा. माझ्या सिंकसमोरच्या खिडकीतून तो दिसतो. गेल्या थंडीत एकदा साडेनऊ झाले तरी पडदा खालीच होता, मी चपलांवरच धावत गेले, तर बाबा गोठ्यात होते, गाय व्यायला झाली होती.